अरुंद वाटेवर आधी कोण?

पश्चिमेस त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीचे डोंगर, उत्तरेस कळवण व बागलाणातील उत्तुंग रांगा, अशा गिरिदुर्गांच्या सान्निध्यात नाशिक जिल्हा वसलेला आहे. बागलाणातील १,५६७ मीटर उंचीच्या साल्हेर किल्ल्याचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी या डोंगरांकडे तरुणांचे थवे निघतात. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि, ज्या पायवाटेने एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, त्या वाटेवर समोरासमोर दोघे आले असता कोणी थांबावे आणि कोणी पुढे जावे, याचा विचार घरातून निघताना फारसे कोणी करीत नाही. वस्तुतः हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. एका बाजूस कातळ आणि दुसऱ्या बाजूस दरी असता अर्ध्या पावलाचीही किंमत मोठी असते.

गिर्यारोहकांमध्ये सर्वत्र रूढ असलेला संकेत असा की, चढणाऱ्यास वाट द्यावी, उतरणाऱ्याने थांबावे. या संकेतामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. चढणाऱ्याचा श्वास आणि पाऊल यांचा एक ताल जमलेला असतो. तो मोडला की पुन्हा जमविण्यास श्रम पडतात. शिवाय त्याची नजर पायाखालच्या दोन-चार हातांवर खिळलेली असते. उलट उतरणाऱ्यास खालचा बराच पल्ला दिसतो, म्हणून थांबण्याजोगी जागा त्यालाच आधी हेरता येते. मोटारचालकांना हा नियम नवा नाही. रस्त्यावरील वाहतुकीच्या १९८९ च्या विनियमांत, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या विनियमांतही, अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्या वाहनाने प्राधान्य द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. घाट चढणाऱ्या एस.टी.ला वाट देणारे आपण, पायी उतरताना मात्र तोच नियम विसरतो, हे नवलच म्हणावयाचे.

पण सर्वच वाटा सारख्या नसतात, आणि येथेच या नियमाची मर्यादा लक्षात येते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरिहर किल्ल्याचे उदाहरण घेऊ. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीकडून येणारी वाट संपली की सरळ उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा जिना समोर येतो. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हाताची पकड घेण्यासाठी खोबण्या कोरलेल्या आहेत. १८१८ मध्ये त्र्यंबकगडापाठोपाठ हा किल्ला इंग्रजांकडे गेला, तेव्हा येथे आलेल्या कॅप्टन ब्रिग्ज यांना हा जिना उंच कड्याला लावलेल्या शिडीसारखा भासला होता. जिन्याच्या माथ्यावर छोटासा दरवाजा, त्यापुढे कातळाच्या पोटातून वाकून जावे लागते अशी कोरीव वाट, आणि मग पुन्हा पायऱ्या. थांबण्यासाठी जागा म्हणावी अशी नाहीच.

अशा जिन्यावर ‘चढणाऱ्यास आधी वाट’ हा नियम जसाच्या तसा लावला तर काय होते? खालून एकामागून एक मंडळी चढतच राहतात. दरवाजापाशी उतरू पाहणाऱ्यांची गर्दी साचते. वर उभे राहण्यास जागा अपुरी, मागून येणाऱ्यांचा रेटा वाढतो, आणि कोणीतरी अधीर होऊन भरल्या जिन्यावरूनच उतरू लागतो. मग मध्येच दोन रांगा भिडतात आणि एकाला खोबणी सोडून बाहेरच्या कडेला सरकावे लागते. येथे घाटरस्त्याचा नव्हे, तर एस.टी.च्या दाराचा नियम उपयोगी पडतो : आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे. याचे कारण सरळ आहे. जिन्याच्या पायथ्याशी थांबण्यास त्या मानाने मोकळी जागा आहे, माथ्यावर नाही. ज्या टोकाला जागा अधिक, त्या टोकाच्या लोकांनी थांबावे. जो जिन्यावर चढला आहे त्यास मात्र पूर्ण चढू द्यावे. त्याला अर्ध्यातून परत फिरविणे सर्वांत धोक्याचे. दहा-पंधरा जणांची एक तुकडी वर, मग तेवढीच खाली, असा क्रम दोन्ही टोकांच्या जाणत्या माणसांनी हाकारून ठरविला तर खोळंबा फार होत नाही.

इगतपुरी तालुक्याच्या सीमेवरील कळसूबाई शिखराच्या (१,६४६ मीटर) वाटेवर ज्या लोखंडी शिड्या आहेत, त्यांनाही हीच रीत लागू पडते.

थांबावयाचे ते कोठे, हेही महत्त्वाचे. थांबणाऱ्याने डोंगराच्या अंगास, कातळाला पाठ लावून उभे राहावे. पाठीवरच्या पिशवीने पुढून जाणाऱ्यास धक्का बसेल असे वाटल्यास ती काढून पायाशी ठेवावी. सौजन्याच्या भरात दरीच्या बाजूला सरकून दुसऱ्यास आतली बाजू देणारे अनेक जण आढळतात. पावसाळ्यात या कडेचे गवत वरून हिरवेगार दिसते, पण त्याखालची माती भुसभुशीत झालेली असते. हिमालयात खेचरे व याक यांच्या वाटेवरही डोंगराच्या अंगानेच उभे राहण्यास सांगतात, कारण ओझ्याचे जनावर माणसाला नकळत दरीकडे ढकलू शकते. पायाखालून दगड सुटला तर ‘दगड आला!’ अशी मोठ्याने आरोळी द्यावी, आणि ही आरोळी ऐकणाऱ्याने वर पाहत न बसता कातळाला चिकटावे.

आता एका वेगळ्या पादचाऱ्याविषयी. शहरातून येणाऱ्यास जी वाट सहलीची वाटते, ती पाड्यावरील माणसाची रोजची वाट असते. याच वाटेने पाणी येते, सरपण येते, मुले शाळेत जातात. आणि जेथे अद्याप रस्ता पोचलेला नाही तेथे आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावे लागते. काही वर्षांपूर्वी श्रावणात त्र्यंबकच्या डोंगरात फिरताना मी पाहिले, की डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई वीस-पंचवीस तरुणांच्या टोळीला वाट देण्यासाठी ओल्या गवतात दरीच्या कडेला उभी होती. एकामागून एक सारे निघून गेले. मी थांबलो व म्हणालो, “मावशी, हंडे खाली ठेवायचे होते.” त्या हसल्या. “दादा, खाली ठेवले तर परत डोक्यावर कोण देणार?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्याचे ओझे एकट्याने खाली ठेवता येत नाही, त्याच्यासाठी चढ-उताराचा हिशेब करावयाचा नसतो. हंडा, मोळी, गवताचा भारा, झोळी, यांना आधी वाट. वृद्ध व मुले यांचेही तसेच.

आपल्या परंपरेला ही जाण नवी नाही. कोजागिरीस सप्तशृंगगडावर नद्यांचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडधाऱ्यांना भाविक आपण होऊन वाट करून देतात. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी होते, तीत हजारो लोक चालतात. पण प्रदक्षिणा एकाच दिशेची असल्याने समोरून येणाऱ्याचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. तेथे प्रश्न मागून येणाऱ्याचा. त्याने ढकलू नये, ‘माउली, जरा पुढे जाऊ द्या’ एवढे म्हणावे, आणि पुढच्याने डोंगराच्या अंगास होऊन त्यास जाऊ द्यावे.

अरुंद वाटेवर गर्दी अडली की काय घडते, याचा कटू अनुभव नाशिककरांच्या स्मरणात आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांनी प्राण गमावले. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या डोंगरावर याहून कितीतरी अधिक बळी गेले. नाशिकमध्ये त्यानंतर २०१५ च्या सिंहस्थात येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे ठेवण्यावर भर देण्यात आला. शहरात कठडे उभारता येतात, पोलीस उभे करता येतात. हरिहरच्या जिन्यावर दुसरा मार्ग खोदता येणार नाही, आणि तो कोणी खोदूही नये.

म्हणून हरिहरला जाणाऱ्यांनी पहाटे लवकर निघावे. दहा-अकरानंतर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी जिन्यावर येतात. उतरताना तोंड कातळाकडे ठेवावे, दोन्ही हात खोबणीत असावेत, आणि छायाचित्रासाठी मधल्या पायरीवर थांबू नये. पाऊस जोरात असेल तर पायथ्याशीच थांबून तो ओसरण्याची वाट पाहावी. हर्षेवाडीची मंडळी तेथे चहा आणि लिंबूपाणी विकतात. तो वेळ वाया जात नाही.