गॅसचा वास आला तर बटणाला हात लावू नका

या खेपेच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला 'घरातील गॅस' हा विषय दिला. पालक मंडळी वाचायला थांबली तर बरेच होईल, कारण रेग्युलेटरला हात तुमचाच लागतो.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडे पुष्कळ घरांत गॅसची टाकी आली. चूल आहेच, पाणी तापवायला आणि भाकरीला. पण चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, गॅस मात्र दिसत नाही. टाकी हलवली की आत डचमळतो तो प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचा द्रव. घरगुती मोठ्या टाकीत तो १४.२ किलो असतो. बाहेर आला की त्याचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. म्हणजे एक तांब्या द्रव सांडला तर अडीचशे तांबे गॅस!

या गॅसला स्वतःचा वास नाही. कुजक्या कोबीसारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्या पदार्थाचे नाव इथाइल मरकॅप्टन. तो का मिसळतात त्याची एक वाईट हकीकत आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी मोठी शाळा होती. जवळ तेलाच्या विहिरी. तिथला नैसर्गिक वायू शाळा गरम ठेवायला नळीने घेतला होता. तो गळून शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत साठत गेला. वास नव्हता, म्हणून कोणाला कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी, शाळा सुटायला थोडाच वेळ राहिला असताना, एका शिक्षकांनी लाकूड घासायचे विजेचे यंत्र चालू केले. ठिणगी पडली आणि शाळाच उडाली. सुमारे ३०० मुले व शिक्षक गेले. मग टेक्सासमध्ये गॅसला वास लावण्याचा कायदा झाला. मी हे वाचले त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

त्या यंत्राच्या बटणाने जे केले ते आपल्या बल्बच्या बटणानेही होऊ शकते. बटण लावताना किंवा बंद करताना आत बारीक ठिणगी उडते. एरवी तिचे काही नाही. पण हवेच्या शंभर भागांत दोन भाग गॅस मिसळला तरी तेवढी ठिणगी पुरते. म्हणून वास आला की बटण लावायचेही नाही आणि लागलेले बंदही करायचे नाही. पुष्कळ जण म्हणतात, "पंखा लाव, वास जाईल." हे अगदी चुकीचे आहे.

आमच्या शेजारच्या काकूंकडे दिवाळीच्या आधी असेच झाले. दूध उतू जाऊन शेगडी विझली, काकू अंगणात धान्य पाखडत होत्या. वीज गेलेली. तिन्हीसांजेला आजी देवापुढे दिवा लावायला आत निघाल्या, तोच त्यांना वास आला. समोर राहणारे वायरमन दादा ओरडले, "आजी, काडी ओढू नका! बाहेर या सगळे!" त्यांनी तोंडाला फडके लावून आत जाऊन शेगडीची खुंटी आणि रेग्युलेटर बंद केला, दारे उघडली. मग ओसरीवरचा मेन स्विच पाडला. मी विचारले, "दादा, लाईट तर नाहीच, मग कशाला?" ते म्हणाले, "लाईट येईल तेव्हा फ्रीज आपोआप चालू होईल ना बाळा." हे मला कधी सुचले नसते. मेन स्विच घराबाहेर होता म्हणूनच त्यांनी हात लावला. आत असता तर नाही. वास फार असता तर तेही आत गेले नसते.

आपला टाकीचा गॅस हवेपेक्षा जड आहे, जवळजवळ दुप्पट. तो पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीवर पसरतो, मोरीत आणि खड्ड्यात साठतो. आपण तर जमिनीवरच झोपतो. वरचा झरोका उघडून भागत नाही, दारच उघडावे लागते. मुंबई-पुण्याकडे नळाने येतो तो नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. तिथे वरच्या खिडक्या उपयोगी पडतात. बटणाचा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

गळती कुठे आहे हे बघायला काडी ओढणारे लोक मी पाहिले आहेत. साबणाचा फेस नळीवर आणि जोडावर लावा, गळत असेल तिथे बुडबुडे येतात. नवीन टाकी आली की गाडीवाल्यासमोरच तपासून घ्यावी, वायसर खराब असेल तर तो बदलून देतो. टाकीच्या तोंडाची टोपी दोरीने टाकीलाच बांधलेली असते, ती तोडू नये. रेग्युलेटर काढल्यावर तीच लावायची असते. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे.

गॅसगळतीसाठी १९०६ हा फोन नंबर रात्रंदिवस चालू असतो. आगीसाठी १०१. फोन घराबाहेर, लांब जाऊन करावा, कारण फोनसुद्धा विजेचीच वस्तू आहे. म्हणून १९०६ हा आकडा आम्ही स्वयंपाकघरात लिहिला नाही. अंगणातल्या भिंतीवर, तुळशीजवळ, गेरूने लिहिला आहे.