आधी वजन, मग पट्टे, मग कुलूप

अगं, फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर व्हॅन घेतलीत, फार बरं केलंत. आता सायकली घेऊन स्कॉटलंडच्या ट्वीड व्हॅलीत जायला कुणाच्या गाडीची वाट बघायला नको. जावईबापूंनी फोनवर पहिल्यांदा विचारलं ते कुलपाचं. सगळे तेच विचारतात. कुलपाचंही सांगेन, पण शेवटी. चोराने सायकल नेली तर सायकल जाईल, विम्याचे पैसे तरी येतील. मोटरवेवर ७० मैलांच्या वेगात रॅकवरून सायकल सुटली, तर ती मागून येणाऱ्या कुणाच्या तरी काचेवर जाणार. त्या गाडीत लेकरं असतील. म्हणून आधी वजन, मग पट्टे, मग कुलूप, हा क्रम माझ्यासाठी तरी पाळा.

रॅक विकत घ्यायच्या आधी दोन्ही सायकली वजनकाट्यावर ठेवा. घरातला काटा चालतो: सायकल उचलून त्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. कंपनीच्या पानावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, तो बहुधा सगळ्यात लहान मापाच्या आणि पॅडल नसलेल्या सायकलचा असतो. तुझी साधी माउंटन बाइक १५ किलोच्या आसपास भरेल. जावईबापूंची बॅटरीवाली २४ च्या खाली येणार नाही. आता रॅकवरचं स्टिकर वाचायचं. मागच्या दाराला बसणाऱ्या काही रॅकवर ६० किलो लिहिलेलं असतं, काहींवर फक्त ३५. चार सायकलींच्या खाचा दिसल्या म्हणून चार सायकली चढवायच्या नसतात. ३५ च्या रॅकवर तुमच्या दोनसुद्धा बसत नाहीत. बॅटरी काढून तीन-साडेतीन किलो कमी झाले तरी काठावरच.

बॅटरी मात्र दर वेळी काढाच. वजन कमी होतं, रस्त्याचं पाणी आत जात नाही, आणि बॅटरी नसलेल्या सायकलीत चोराचा जीवही कमी अडकतो. काढल्यावर फ्रेमच्या उघड्या खाचेवर झाकण लावा. बॅटरी व्हॅनमध्ये नीट बांधून ठेवायची, हीटरच्या तोंडाशी नाही. आणि रात्री झोपल्यावर चार्जिंगला लावायची नाही, हे अगदी निक्षून सांगते. लिथियमने पेट घेतला तर एवढ्याशा व्हॅनमधून बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते ऐक. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. व्हॅनचंही तेच. तुमच्या लहान ट्रान्सपोर्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये तीन मीटर अंतर आहे. रॅकवरच्या सायकली मागच्या आसाच्या साधारण १.३ मीटर मागे लोंबतात. रॅक आणि सायकली मिळून ६० किलो धरले, तर मागच्या आसावर ६० नाही, ८६ किलो पडतात आणि पुढच्या आसावरचे २६ किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं. इंजिनची ओढ पुढच्याच चाकांना असेल, तर ओल्या गवताच्या कॅम्पसाइटवरून निघताना चाकं जागच्या जागी फिरतात. मागच्या टायरमध्ये हवा किती हवी ते दाराच्या आतल्या तक्त्यावर असतं. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघून भरा.

गाडीच्या चॅसिस नंबराच्या पट्टीवर एकाखाली एक चार आकडे असतात: गाडीचं भरून जास्तीत जास्त वजन, ट्रेलरसकट वजन, पुढच्या आसाचं, मागच्या आसाचं. ते वहीत लिहून ठेवा. मग एकदा पाणी, गॅस, कपडे, सायकली आणि तुम्ही दोघं असं सगळं भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. नुसतं एकूण वजन बघून परत येऊ नका, मागच्या आसाचं वेगळं करून घ्या. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस मर्यादेबाहेर, असं सायकलवाल्यांच्या गाड्यांत पुष्कळदा होतं. जास्त भरलं तर पाणी कमी करा. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि पाणी कॅम्पसाइटवर मिळतंच. पुढेमागे मोठ्या मोटरहोमचं मनात आलं तर हेही लक्षात असू द्या: १ जानेवारी १९९७ पासून ब्रिटनमधली कारची परीक्षा पास झालेल्यांना त्या लायसन्सवर एरवी ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते.

रॅक कुठला? माझं मत विचारशील तर बॅटरीवाल्या सायकलीसाठी टोबारवरचा, म्हणजे ट्रेलर ओढायच्या दांड्यावर बसणारा. दाराचा रॅक छातीच्या उंचीवर असतो. २४ किलोचं धूड दिवसभर चढ-उतार करून आल्यावर तिथवर उचलायचं म्हणजे कमरेची वाट. शिवाय दार उघडायचं तर आधी सायकली उतरवाव्या लागतात, कारण दाराचे गॅसचे दांडे तेवढं वजन पेलण्यासाठी बनवलेले नसतात. टोबारचा रॅक गुडघ्याच्या उंचीवर, आणि मागे झुकणारा घेतलात तर सायकलींसकट दार उघडतं. घेताना त्याला सायकल चढवायची छोटी घसरगुंडी जोडता येते का ते विचारा. टोबारवर धातूची पट्टी असते, त्यावर एस या अक्षरापुढचा आकडा म्हणजे टोबारवर उभं किती वजन चालेल ते. बऱ्याच टोबारवर तो ७५ ते १०० च्या दरम्यान असतो, आणि त्यात रॅकचं स्वतःचं वजन धरायचं असतं. रॅकच वीस किलोच्या घरात जातो.

टपावर सायकली नेऊ नका. ही व्हॅन दोन मीटर उंच आहे, वर उभी सायकल म्हणजे तीन मीटरच्या पुढे. गाडी चालवताना वर काय आहे याचा विसर पडायला एक सँडविच पुरतं, आणि इथल्या कितीतरी कार पार्कच्या तोंडाशी दोन मीटरचा आडवा दांडा असतो.

माउंटन बाइकची गोष्ट इतर सायकलींपेक्षा वेगळी आहे, आणि बरेच रॅक तिला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नसतात. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर मोठ्या मापाच्या सायकलीत साडेबाराशे मिलिमीटर ओलांडतं. रॅकची पन्हळ तेवढी लांब आहे का? टायर अडीच इंच रुंद, मग पन्हळीचा पट्टा त्यावरून पुरतो का? फ्रेमचे नळ जाड आणि वेडेवाकडे, रॅकचा चिमटा त्यांना धरतो का? दुकानात सायकल घेऊन जा आणि चढवून बघा. जावईबापूंची फ्रेम कार्बनची असेल तर चिमट्याने आवळायचीच नाही. कार्बनला सरळ ताण सोसतो, बाजूने चेपलेलं सोसत नाही. त्यांच्यासाठी चाकं धरणारा रॅक घ्या. आणि वरखाली होणाऱ्या सीटच्या चकचकीत दांड्याला कधीही काही बांधू नका. त्यावर एक ओरखडा आला तरी आतलं सील जातं.

चढवताना जड सायकल गाडीकडे आणि हलकी बाहेर. एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. ही हँडलं ७८ ते ८० सेंटिमीटर रुंद असतात, व्हॅनच्या मागच्या काचेलाही टेकतात. सीट खाली करा. जवळच्या सायकलीचं पॅडल दुसरीच्या फ्रेमला घासत असेल तर ते काढून ठेवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तिथे जोर लावण्याआधी हे आठवा. जिथे धातूला धातू लागेल तिथे पाण्याच्या पाइपवर चढवतात तो फोम कापून लावा.

पट्ट्यांचं माझं एकच म्हणणं आहे: रॅकचे स्वतःचे पट्टे आणि चिमटे कितीही चांगले असोत, त्यांच्याशी संबंध नसलेला एक वेगळा पट्टा सगळ्या सायकलींच्या फ्रेममधून घेऊन रॅकच्या मुख्य नळाला बांधा. एखादा चिमटा सैल पडला तरी सायकल रस्त्यावर जात नाही. पुढचं चाक हँडलबरोबर डुलत राहिलं तर तासाभरात सगळं सैल होतं, म्हणून तेही फ्रेमला बांधून टाका. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो थरथरत नाही आणि झिजत नाही. सुटी टोकं गाठ मारून खोचा. मग हाताने सायकल जोरात हलवा: सायकलीबरोबर व्हॅन हलली तर ठीक, नुसती सायकल हलली तर पुन्हा आवळा. निघाल्यावर दहा मैलांनी थांबून एकदा बघा आणि त्यानंतर प्रत्येक थांब्यावर. उन्हापावसाने पट्टे विरतात. कडेचे धागे सुटायला लागले की पट्टा बदला, त्यात काटकसर नको.

खाली वाकून सायलेन्सर कुठे फुंकतो तेही बघा. डिझेल गाडी मधूनच स्वतःचा फिल्टर जाळून साफ करते, तेव्हा तो धूर भयंकर तापलेला असतो. सायलेन्सरच्या तोंडाशी आलेलं टायर मऊ पडतं, कार्बनची रिम तर कायमची जाते. सायकल थोडी सरकवून चालत नसेल तर सायलेन्सरला खाली वळवणारं तोंड बसवून घ्या.

सायकलींमागे नंबरप्लेट किंवा दिवे झाकले गेले तर दिव्यांची वेगळी फळी आणि त्यावर गाडीचाच नंबर असलेली प्लेट लागते. झाकलेल्या नंबरप्लेटला इथे १,००० पौंडांपर्यंत दंड आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मागच्याला तुमचा ब्रेकचा दिवा दिसला पाहिजे. निघताना एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. आल्प्सकडून इटलीत किंवा पुढे स्पेनमध्ये उतरणार असाल तर मागे लांबलेल्या ओझ्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चमकणारी पाटी हवी. आणि फेरीचं तिकीट गाडीच्या लांबीवर असतं, तेव्हा रॅक आणि सायकलींसकट टेप लावून मोजा.

जागा असेल तर मी सायकल आतच घेईन. मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्याचं पाणी बेअरिंगमध्ये जात नाही, पेट्रोल पंपावर कुणाच्या नजरेत येत नाही. पण आत घेतली म्हणजे नुसती बिछान्यावर आडवी टाकायची नाही. हिशेब करून बघ: ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर मागची १५ किलोची सायकल सुमारे ३०० किलोच्या जोराने तुमच्या पाठीवर येते. म्हणून पुढचं चाक काढून फोर्क फळीवरच्या पकडीत अडकवा. पकड तुमच्या फोर्कच्या आसाच्या मापाची हवी, हल्लीच्या बहुतेक फोर्कना १५ बाय ११० लागते. ती फळी व्हॅनच्या लोखंडात बोल्टने घट्ट बसवा, प्लायवुडच्या कपाटात स्क्रू मारून नाही. चाक काढलं की ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा घडी घातलेला पुठ्ठा सरकवा. कुणाचा हात चुकून ब्रेकला लागला तर पॅड चिकटून बसतात आणि डोंगराच्या पायथ्याशी ते उघडत बसण्यात सकाळ जाते. हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उलटी ठेवू नका. आत हवा असेल तर ती वरची खाली फिरते आणि ब्रेक मऊ लागतो.

आता कुलूप. रॅकबरोबर येणारं बारीक कुलूप फक्त जाता-येता हात मारणाऱ्याला थोपवतं. खरी साखळी फ्रेमच्या त्रिकोणातून काढा, चाकातून नाही, आणि रॅकला नाही तर टोबारला किंवा आत सीटच्या लोखंडी पायाला घ्या. रॅकच नटबोल्ट काढून नेणारे आहेत. कुलपं तपासणाऱ्या सोल्ड सिक्युअरची श्रेणी बघून घ्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. तुमच्या सायकलींच्या किमतीला गोल्डच्या खाली जाऊ नका. चोर आता हातातलं ग्राइंडर घेऊन येतो. त्याला दाद न देण्यासाठी बनवलेली कुलपंही निघाली आहेत, वेल्समधल्या स्वान्सीच्या लाइटलॉकचं त्यातलंच एक. महाग आहेत, वजनदारही आहेत. बॅटरीवाल्या सायकलीसाठी तेवढा खर्च मी करेन.

त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे गाडी कुठे लावता ते. कॅफेत थांबलात तर व्हॅन मागे घेत सायकली भिंतीला जवळजवळ टेकवून लावा. सायकल बाहेर काढायला जागाच उरत नाही. मोटरवेच्या सर्व्हिसला दोघांनी एकदम आत जायचं नाही. कॅम्पसाइटवर रात्री सायकली आत, नाहीतर साखळीत. घरासमोर आदल्या रात्रीच सायकली रॅकवर चढवून ठेवू नका. रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतं की या घरात काय आहे आणि उद्या घरात कुणी नाही. राइडची नोंद ॲपवर टाकता ना, त्यात घराभोवतीचा भाग लपवायची सोय आहे, ती चालू करा.

फ्रेमचा नंबर बहुधा पॅडलच्या आसाखाली कोरलेला असतो. सायकल आडवी करून त्याचा फोटो काढा आणि बाइक रजिस्टरवर नोंदवा. पोलीस सापडलेल्या सायकली त्यात शोधतात. खरेदीच्या पावत्या आणि कुलपाची पावतीही फोनमध्ये ठेवा, कारण विमावाले कुलूप कुठल्या श्रेणीचं होतं ते विचारतात. विम्याचा कागद या शनिवारी दोघं बसून वाचा. सायकल गाडीबाहेर रॅकवर असताना भरपाई मिळते का, रात्री मिळते का, आत असेल तर गाडी फोडल्याची खूण लागते का, हे तीन प्रश्न पेन्सिलने समासात लिहा आणि उत्तर सापडलं नाही तर सोमवारी फोन करून ईमेलवर लेखी मागवा.