पेशीच्या दारावर

भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की तेथील गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटल्याचे प्रसंग कितीदा तरी आले आहेत. १९७३ साली सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प व त्याचा दवाखाना जवळ खरा, पण तो नदीच्या पैलतीरी! अशा वेळी एखाद्या टोल्यावर मुलाला जुलाब सुरू झाले, तर शिरेतून द्यावयाचे सलाईन कोठून आणावे?

विद्यार्थ्यांनो, याचे उत्तर आपल्या आतड्याच्या पेशींत आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असते. ते मिलीमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असते. प्राणवायू त्यातून सहज आरपार जातो. साखर व मीठ मात्र अडतात. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. त्यांपैकी एक दार मोठे चोखंदळ आहे. ते एकट्या ग्लुकोजला आत घेत नाही. सोबत सोडियमचे दोन कण असले, तरच घेते. पेशीच्या दुसऱ्या बाजूस एक पंप अहोरात्र सोडियम बाहेर उपसत असतो. त्यामुळे आत सोडियमची उणीव भासते, तो बाहेरून आत धावतो आणि ग्लुकोजलाही ओढून नेतो. त्यांच्यामागोमाग पाणी जाते. ही जोडी १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्रथम मांडली.

पटकीचे विष पेशीतील क्षार व पाणी बाहेर लोटते, परंतु हे दार ते बिघडवू शकत नाही! १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली व सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना त्यांच्या नातलगांकरवी पाजले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यू शेकडा चारच्या खाली आले.

घरी हे पाणी असे करावे : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. घरच्या साखरेतून आतड्यात ग्लुकोज सुटतेच. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. म्हणून पाणी आधी चाखावे, ते आसवांहून खारट लागता कामा नये. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. मूल ग्लानीत असेल किंवा त्याला पिता येत नसेल, तर मात्र पूर ओसरण्याची वाट न पाहता, नावेने का होईना, दवाखाना गाठलाच पाहिजे.