खचलेल्या मनाला आधार : शिकून घ्यावे असे कर्तव्य



आत्महत्या हराम आहे, हे आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असते. सूरह निसाच्या २९व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई आहे. त्याच आयतीचा शेवट मात्र अल्लाहच्या दयेच्या उल्लेखाने होतो. मनाई शब्दांनी सांगता येते. दया कृतीने पोहोचवावी लागते, आणि ती कृती शिकावी लागते.

सूरह मरियम वाचा. प्रसूतिवेदनांनी व्याकूळ आदरणीय मरियम (अ.) यांनी, यापूर्वीच मरण आले असते तर बरे, असे उद्गार काढले. त्यांच्या ईमानावर कोणी बोट ठेवले नाही. दिलासा मिळाला, पायाशी झरा मिळाला, ताजी खजूर मिळाली. त्या दिवशी लोकांना उत्तरे देण्याचे ओझेही उतरविण्यात आले. म्हणून खचलेल्या माणसाला, "तुझे ईमान कमजोर आहे," असे कधीही म्हणू नका. नैराश्य हा आजार आहे, आणि अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे, ही प्रेषित (स.) यांची शिकवण केवळ ताप-खोकल्यापुरती नाही.

प्रत्येक जमातीने मानसोपचारतज्ज्ञांना बोलावून इमाम, मदरशातील शिक्षक-शिक्षिका व तरुण यांना चार गोष्टी शिकवून घ्याव्यात.

पहिली, ओळखणे. "मी सर्वांना भार झालो आहे" असे बोलणे, झोप व भूक उडणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, जमातीतून आणि मित्रांतून अचानक दूर होणे, ही चिन्हे आहेत.

दुसरी, विचारणे. एकांतात, स्पष्टपणे : "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार रुजत नाही, मनावरचा भार हलका होतो.

तिसरी, ऐकणे. मध्येच उपदेश करू नये. ऐकलेले मोहल्ल्यात पसरवू नये; परंतु जिवाला धोका दिसत असेल तर ते गुपित एकट्याने जपूही नये.

चौथी, पोहोचविणे. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधांचा साठा दूर करावा आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. दुआ करावी आणि दवाही घ्यावी.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा केली जात नाही, आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर आहे.

ज्या घरात हे दुःख घडून गेले, त्या घरापासून तोंड फिरवू नका. हनफी व शाफई, दोन्ही मतांनुसार अशा मृताची जनाजाची नमाज पढली जाते. सहीह मुस्लिममध्ये माननीय तुफैल बिन अम्र (र.) यांच्या सोबत्याची हकीकत आहे. आजाराच्या यातनांत त्याने स्वतःचा जीव घेतला. पुढे तुफैल यांना तो स्वप्नात दिसला : हिजरतीमुळे त्याला क्षमा मिळाली होती, पण हात झाकलेले होते. हे ऐकून प्रेषित (स.) यांनी त्या हातांसाठीही क्षमेची दुआ केली. मृताच्या आई-वडिलांच्या दारी जाताना ही हदीस स्मरणात ठेवा.

अल्लाह आपल्याला एकमेकांचे दुःख वेळीच ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.