एडिसनचा मुक्काम महागात पडला

ओहायोहून मेनमधल्या अकेडिया नॅशनल पार्कला आम्ही दोन कुटुंबं भाड्याच्या आर.व्ही.तून निघालो होतो. मित्राचं पिस्तूल पलंगाखालच्या खणात होतं. गोळ्या काढलेल्या, पेटीला कुलूप, ओहायोचं परमिट खिशात. वाटेत न्यू जर्सीतल्या एडिसनला त्याच्या बहिणीकडे गणपती, म्हणून दोन रात्री तिथे काढायचं ठरलं होतं.

न्यू जर्सीत मागचा दिवा लागत नाही म्हणून गस्तीच्या पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. मित्राने आपणहून पिस्तुलाचं सांगितलं. पोलीस शांत होता. कुठे निघालात, एवढंच त्याने विचारलं. मागे मोदकांचा डबा मांडीवर धरून बसलेल्या वहिनी उत्साहाने म्हणाल्या, "एडिसनला! दोन दिवस गणपती, मग मेन." पेटी जप्त झाली, मित्राला ठाण्यावर नेलं आणि आम्ही वकील शोधायला लागलो.

पेटी, कुलूप, रिकामं पिस्तूल, सगळं रीतसर होतं. नडला तो मुक्काम. 1986 च्या केंद्रीय कायद्याने वाटेतल्या राज्यांतून शस्त्र नेता येतं, पण जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार, दोन्हीकडे ते बाळगणं कायदेशीर हवं. शस्त्र रिकामं हवं, ते आणि गोळ्या बसल्या जागेवरून हाती येता कामा नयेत. आर.व्ही.ला वेगळी डिकी नसते, म्हणून कुलपाची पेटी लागतेच. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही. पेट्रोल, जेवण इथवर ठीक. पाहुणचाराला मात्र हे संरक्षण नाही. यूटाच्या एका प्रवाशाचं नेवार्कला पुढचं विमान चुकलं, पिस्तुलाची बॅग रात्री हॉटेलवर त्याच्याजवळ राहिली आणि सकाळी विमानतळावर अटक झाली. 2010 मध्ये अपील कोर्टानेही त्याला दाद दिली नाही.

आणि आर.व्ही. म्हणजे मनाला येईल तिथे थांबायची सोय! कायद्याचं आणि तिचं जमत नाही ते इथेच. घरच आहे ना, हा युक्तिवादही पुरत नाही: सॅन डिएगोत उभ्या असलेल्या मोटरहोमच्या खटल्यात 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती गाडीच धरली. सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती होते.

न्यू जर्सीत परवान्याविना पिस्तूल बाळगण्याला पाच ते दहा वर्षं शिक्षा आहे. मित्राचा पहिलाच गुन्हा म्हणून त्याला देखरेखीखालच्या सवलतीच्या योजनेत घेतलं, पण तोवर कित्येक महिने गेले. घरात कुणाला झोप नव्हती ती वेगळ्याच कारणाने. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीनकार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. एच-वन व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडून शस्त्र बाळगताच येत नाही. व्हिसावर भारतातून आलेल्या बाबांच्या हातात फोटोपुरतंही देऊ नका.

तेव्हा निघण्याआधी नकाशावर नुसता रस्ता नाही, रात्रीचे मुक्काम लिहून काढा आणि त्या-त्या राज्याचा कायदा सरकारी संकेतस्थळावर वाचा. कुणाच्या तरी काकांचा सल्ला चालणार नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया बाहेरचं परमिट मानत नाहीत. मिशिगनमध्ये परमिटवर जवळ बाळगलेलं पिस्तूल पोलिसाने अडवताच स्वतः सांगावं लागतं. नॅशनल पार्कमध्ये 2010 पासून त्या राज्याचा कायदा लागू आहे, तरी व्हिजिटर सेंटरच्या इमारतीत शस्त्र नेता येत नाही. शस्त्राबाबत भाडेकरारही नीट वाचा.

अलास्काला रस्त्याने जायचं तर मध्ये कॅनडा आहे, आणि तिथे पर्यटकाच्या पिस्तुलाला वाव नाही. पिस्तूल घरी ठेवा. अस्वलापासून बचावासाठी ‘प्राण्यांसाठी’ असं छापलेला बेअर स्प्रे घ्या, तो सीमेवर चालतो. योसेमिटीला निघाला असाल तर मात्र तोही नेऊ नका, तिथे बंदी आहे.