जीपच्या आसातील दंतचक्रे बदलताना

पावसाळ्यात हिंगण्याच्या काळ्या मातीतून जीपने भार ओढावयाचा असल्यास आसातील क्राऊन हे मोठे व पिनियन हे लहान दंतचक्र यांचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. महायुद्धकालीन विलीज जीपमध्ये ३९ व ८ दाते, म्हणजे ४.८८ प्रमाण असे. युद्धोत्तर नागरी जीपमध्ये ४३ व ८, म्हणजे ५.३८. प्रमाण वाढले की ओढ वाढते, वेग घटतो.

ही चक्रे स्वतः बदलता येतात. मात्र पुढील क्रम पाळावा.

१. जमिनीवरील चाकांना उटी लावावी. गाडी भक्कम घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये.

२. दोन्ही आसांतील दाते मोजावेत. पुढचे व मागचे प्रमाण भिन्न असल्यास चारही चाकांना ओढ देताच चक्रे एकमेकांविरुद्ध झगडतात.

३. क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावे. दातांमधील मोकळीक पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी.

४. दात्यांना रंग लावून चक्र फिरवावे. ठसा दात्याच्या मध्यावर उमटला पाहिजे. अन्यथा पिनियनच्या पातळ चकत्या बदलून पुन्हा पाहावे.

ठसा न पाहता झाकण लावल्यास ऐन हंगामात दाता तुटतो आणि वाचविलेली मजुरी व्यर्थ जाते. म्हणून पहिल्या वेळी जाणत्या कारागिराला सोबत घ्यावे.