पावती : जपावी कोणती, नष्ट करावी कोणती?

रमजानच्या आगमनापूर्वी घराची आवराआवर निघते, तेव्हा कपाटाच्या खणातून कागदांचा एक ढीग हमखास बाहेर येतो. वीजबिले, किराणा दुकानाच्या पावत्या, मदरशाच्या चंद्याच्या पावत्या, सोसायटीची देयके, जुन्या उसनवारीच्या चिठ्ठ्या. नवी मुंबईतील लहान सदनिकांत सर्व काही साठवणे शक्य नसते. म्हणून कोणी सारेच गठ्ठ्यात बांधून ठेवतो, तर कोणी सारेच रद्दीत घालतो. वरवर पाहता हा घरकामाचा प्रश्न आहे. परंतु कागदाशी हक्क जोडलेला असतो आणि हक्काचा हिशेब आखिरतमध्येही द्यावयाचा आहे.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देवघेवीच्या लेखनाविषयी आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत अल्लाह तआला ईमानधारकांना आदेश देतो की, ठराविक मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. जो व्यवहार हातोहात पूर्ण होतो, तो न लिहिल्यास मात्र दोष नाही. जपण्याचा आणि नष्ट करण्याचा निकष याच भेदात सापडतो. प्रत्येक कागद हाती घेऊन एकच प्रश्न विचारावा : याच्याशी जोडलेला कोणाचा हक्क अद्याप बाकी आहे काय?

हक्क पूर्ण झाला असेल तर कागदाचे काम संपले. भाजीची, किराणा मालाची, उपाहारगृहाची पावती हिशेब जुळल्यावर नष्ट करण्यास हरकत नाही. वस्तूची हमी चालू असेल तर ती संपेपर्यंत बिल ठेवावे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत साधारणतः दोन वर्षांची असते, हेही ध्यानात असावे. देणगीवर आयकर सवलत घेतली असेल तर तिची पावती त्या वर्षाची करआकारणी निकाली निघेपर्यंत जपावी.

काही कागद मात्र आयुष्यभर आणि आयुष्यानंतरही जपावयाचे असतात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादित झाल्या. पुढे साडेबारा टक्के योजनेत विकसित भूखंड मिळविताना वारसांना आजोबा-वडिलांच्या नावावरील सातबारा आणि मोबदल्याची कागदपत्रे शोधावी लागली. घराचा करारनामा, मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या पावत्या, वाटपपत्र, सोसायटीचे भागप्रमाणपत्र हे सारे वारसांचे हक्क आहेत. त्याच गठ्ठ्यात निकाहनामाही असावा, कारण न दिलेला महर हे पतीवरील कर्ज आहे आणि निकाहनामा हा त्याचा पुरावा.

आता सर्वांत नाजूक कागदाकडे येऊ. आपल्या बाजूचा पुरावा सारेच जपतात. आपल्याविरुद्धचा पुरावा कोण जपतो? उपरोक्त आयतीत करारनाम्याचा मजकूर ऋणकोने सांगावा आणि त्यात काहीही कमी करू नये, असा आदेश आहे. म्हणजे देणेकऱ्याने स्वतःच्या मुखाने स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयाची.

एका मय्यतीनंतर थोरला मुलगा वडिलांच्या हातची एक चिठ्ठी घेऊन मजकडे आला. एका परिचिताकडून ऐंशी हजार रुपये घेतल्याची ती नोंद होती. त्या परिचिताजवळ कोणताही कागद नव्हता. मुलाने हळूच विचारले, ‘‘मौलाना, ही फाडली तर कोणाला कळणार?’’ त्याला मी हजरत सलमा बिन अक्वा (रजि.) यांची सहीह बुखारीतील हदीस सांगितली. एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काहीच उरले नव्हते. पैगंबर (स.) यांनी सहाबांना त्याची नमाज पढण्यास सांगितले, स्वतः पुढे झाले नाहीत. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच आपण (स.) नमाज पढविली. मुलगा बराच वेळ गप्प बसला. सूरह अन-निसात वारसांचे हिस्से कर्ज फेडल्यानंतरचे सांगितले आहेत. त्याने तोच क्रम पाळला.

कोणी म्हणेल, मुदत संपली. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसन्या पैशांचा दावा साधारणतः तीन वर्षांत करावा लागतो. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या हनफी कायदासंहितेतही पंधरा वर्षांनंतर असा दावा ऐकू नये, असे १६६० वे कलम आहे. परंतु काळ लोटल्याने हक्क नष्ट होत नाही, असे तिचेच १६७४ वे कलम सांगते. न्यायालयाचे दार बंद झाले तरी देणे उरतेच. म्हणून देण्याची चिठ्ठी फेड होईपर्यंत फाडू नये आणि फेडल्यावर धनकोची सही घेऊन ती फेडीची पावती जपावी.

नष्ट करण्याचेही अदब आहेत. चंद्याच्या पावतीवर बहुधा बिस्मिल्लाह वा आयत छापलेली असते. ती रद्दीत देऊ नये. हनफी फिक्हनुसार पवित्र नावे पुसून उरलेला कागद जाळता येतो, वाहत्या पाण्यात सोडता येतो किंवा स्वच्छ जागी पुरता येतो. पुरणे अधिक उत्तम. वाशीच्या पुलावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून खाडीत फेकणे हा अदब नव्हे; भरतीबरोबर ती पिशवी खारफुटीत अडकते. आधार क्रमांक वा बँक खाते असलेले कागद बारीक फाडावेत, कारण इतरांची माहिती हीदेखील अमानत आहे. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पावतीवरील अक्षरे कालांतराने पुसट होतात, म्हणून ठेवावयाची असल्यास तिची छायाप्रत आजच काढावी.

शेवटी एक विनंती. घरात एक वही ठेवावी. तिच्या एका पानावर घेणे, दुसऱ्यावर देणे लिहावे आणि ती कोठे आहे हे पत्नीस व मुलांस सांगावे. ज्याच्याजवळ वसिय्यत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्यावाचून दोन रात्रीही घालवू नयेत, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण आहे.

अल्लाह तआला आपणा सर्वांना कोणाचाही हक्क मानेवर न ठेवता या जगातून निरोप घेण्याची तौफीक देवो. आमीन.